आदेमारची बेआता

माझा मेव्हणा आदेमार तेचेरा हा तोस्कास गावातला गुरांमधला सगळ्यात जाणता माणूस आणि माणसांमधला सगळ्यात मोठा गाढव. दोन्ही गोष्टी एकाच अंगात सुखानं नांदत होत्या. मी त्याच्या बहिणीचा नवरा, त्यामुळे दोन्ही जवळून पाहिल्या. धंद्यानं मी खाटीक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात चरबीचा विषय जरा जास्त आला तर कोणी नाक मुरडू नये.

आदेमार इरियार्ते मालकांच्या इस्टेटीवर प्रदर्शनाची गुरं सांभाळायचा. बाकीची गुरं माळावर आपापली चरत, भिजत, वाळत. पण प्रदर्शनासाठी निवडलेली आठदहा जनावरं गोठ्यात राहत, आणि त्यांचा थाट बघून माझ्या बायकोला स्वतःच्या संसाराची कीव यायची. आदेमार त्यांना भरवी, न्हाऊ घाली, खरारा करी, मोरकी घालून चालायला शिकवी. प्रदर्शन जवळ आलं की गोठ्यातच पेंढ्यावर झोपे. वसंतात तालुक्याचं प्रदर्शन भरलं की पांढरा डगला चढवून तोच जनावर रिंगणात फिरवी. मग भोंग्यातून आवाज येई, "चॅम्पियन! मालक आणि पैदासकार, फाउस्तो इरियार्ते." मालकांनी ते जनावर तोवर दोनदा पाहिलेलं असायचं. त्यातलं एकदा मोटारीतून.

लग्न त्यानं केलं नाही. म्हणजे होता होता राहिलं. शाळेतल्या एका बाई त्याच्यासाठी थांबल्या होत्या. एका रविवारी त्या नवा झगा घालून त्याला भेटायला गोठ्यात गेल्या, तर यानं त्यांच्या हातात खरारा दिला आणि म्हणाला, "डाव्या बाजूनं सुरू करा." त्यांनी पुढे बस चालवणाऱ्याशी लग्न केलं. आदेमारला याचं वाईट वाटलं असावं, पण त्या वर्षी मालकांचा वळू पहिला आला होता, त्यामुळे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

एका संध्याकाळी आमच्या टेबलावर वाइनचा दुसरा पेला रिकामा करून तो मला म्हणाला, "बाल्ता, एकदा तरी त्या भोंग्यातून माझं नाव यायला हवं. माझं जनावर, माझं नाव. मग मी मेलो तरी चालेल."

"मेलास की पाद्री घेईलच तुझं नाव," माझी बायको एल्बा म्हणाली. "भोंग्याचा खर्च नाही."

तो हसला, पण पुढे जेवला नाही. तेव्हा मला कळलं की या माणसाला खरंच काहीतरी हवं आहे. ते बघून मी थोडा घाबरलो. ज्याला काहीच नको असतं असा मेव्हणा असणं फार सोयीचं असतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मालकांची एक नावाजलेली हेरफर्ड जातीची गाय पावसात व्यायली आणि मेली. आदेमार तिच्यापाशी एकटाच होता. सकाळी तो ओल्या घोंगडीत एक कालवड गुंडाळून मालकांपुढे उभा राहिला. लाल अंग, पांढरं तोंड, आणि पाय म्हणजे नुसत्या काड्या.

आमच्याकडे रिवाज असा की आई मेलेलं पिल्लू ज्यानं बाटलीनं जगवलं त्याचं. मग ते कोकरू असो, वासरू असो की शिंगरू. मालकांनी घोंगडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "घेऊन जा. ही काही जगत नाही." दीड वर्षानं तीच कालवड रस्त्यावरून डुलत जाताना पाहून मालक जेव्हा मोटार थांबवून "आमच्या गाईची लेक आहे ती" असं म्हणाले, तेव्हा आदेमारनं टोपी काढून नम्रपणे सांगितलं, "होय मालक. जी जगणार नव्हती ती." त्याच्या तोंडून एवढं धारदार वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण तो दीड वर्षानंतरचा भाग झाला. आधी ती आली ती आमच्या परसात. इस्टेटीवर ठेवली असती तर मालकांचा चारा खाल्ला म्हणून कटकट झाली असती. एल्बानं तिला दुकानामागची पत्र्याची शेड दिली. म्हणजे तोस्कास गावात जनावरानं जिथं जाऊ नये असं एकच घर होतं, आणि ही बया तिथेच लहानाची मोठी होणार होती.

"तुझी नजर नीट ठेव," आदेमारनं मला पहिल्याच दिवशी बजावलं.

"आत्ता तिच्यात नजर ठेवण्यासारखं काय आहे? सूप होईल पातळसं."

बाटलीचं दूध तिला पुरेना, तेव्हा त्यानं एक म्हातारी काळीपांढरी दुधाळ गाय आणली. प्रदर्शनाच्या वासरांना असंच वाढवतात. आईचं दूध संपलं तरी दाईगाय लावून पीत ठेवायचं, म्हणजे अंगावर जी कळा येते ती नुसत्या दाण्यानं येत नाही. त्या गाईच्या कासेला आजवर इतक्यांनी तोंड लावलं होतं की गावानं तिचं नाव नगरपालिका ठेवलं होतं. ती कुणालाही लाथ मारत नसे. फक्त रवंथ करत दूर कुठेतरी बघत राही.

कालवड वाढली, वाढतच राहिली, आणि नगरपालिकेच्या पोटाखाली मावेनाशी झाली. तरी पिणं सोडायला तयार नाही. मग तिनं युक्ती काढली. पुढचे दोन्ही गुडघे टेकायचे, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि ओढायचं. ते बघून एल्बा म्हणाली, "हिच्यापेक्षा भाविक बाई आपल्या चर्चमध्ये नाही." तेव्हापासून तिचं नाव पडलं बेआता. आमच्याकडे उठसूट गुडघे टेकणाऱ्या बायकांना तसंच म्हणतात. चर्चमधल्या दोघीतिघींनी माझ्याकडून मांस घेणं महिनाभर बंद केलं. मग ईस्टर आला आणि त्यांनी मला क्षमा केली.

आता तिच्या खाण्याचं सांगतो, कारण आदेमारचं सगळं आयुष्य त्यातच होतं. पहाटे, आणि पुन्हा संध्याकाळी, तो सायकलवरून यायचा आणि आधी गव्हाण हातानं पुसायचा. काल रात्रीचा एक दाणाही तिथे आंबता कामा नये, नाहीतर तोंड लावत नाही म्हणे. मग आंबोण. मका भरडायचा, पण पीठ होऊ द्यायचा नाही. ओट कुटून घ्यायचे. गव्हाचा कोंडा. मूठभर मीठ. हे सगळं कोमट पाण्यानं इतकंच भिजवायचं की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि सोडलं तर सुटावा. आणि वरून जवस, रात्रभर मंद विस्तवावर शिजवून बुळबुळीत केलेला. जवसानं केस चमकतात. तो जवस एल्बाच्या स्वयंपाकघरात शिजे. घरभर असा वास सुटे की मी स्वतःच्या घरात शिरताना पत्ता चुकलो की काय असं मला वाटे.

"माझ्यासाठी कधी रात्रभर काही शिजवलंस का?" मी एल्बाला विचारलं.

"तुझे केस कुठे आहेत चमकायला?"

आंबोण खाऊन झालं की लसूणघास, तोही वाळवलेला, पानं न गळालेला. मग पाणी. मग फेरफटका, कारण नुसतं बसून खाल्लं तर पाय बिघडतात. गावातून तो तिला घेऊन निघाला की बारच्या बाकावर येर्बाच्या कडू चहाची नळी तोंडात धरून बसलेली मंडळी सरसावून बसत.

"आदेमार, साखरपुडा कधी?"

"बाईमाणसाला असं दोरीनं बांधून फिरवू नये रे."

"बांधलंय कुणाला कुणी, ते नीट बघ."

तो कुणालाच उत्तर देत नसे. मान वर, एक हात मोरकीला, दुसरा खिशात. खिशात पावाचा तुकडा. गडबड अशी झाली की तो तुकडा ती माझ्याकडेही मागायला शिकली. मी परसात गेलो की येऊन माझ्या ॲप्रनच्या खिशात तोंड खुपसायची. ॲप्रनवर तिच्याच जातभाईंचं रक्त, आणि हिचं आपलं खुशाल पावासाठी हुंगणं चाललेलं. मी देत असे. खोटं कशाला बोलू. खाटकाला जनावर आवडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी चांगलं जनावर पाहिलेलं नाही.

पण मी तिच्याकडे माझ्या नजरेनंही बघत होतो. आदेमार म्हणे, "पाठ बघ, कशी टेबलासारखी सपाट." मी ती पाठ बघे आणि तिच्याखाली काय असेल ते बघे. दोन वर्षांची होईतो तिच्या बरगड्यांवर, शेपटीच्या मुळाशी असं काही साचलं की मी मनातल्या मनात सुरी परजायला लागलो. एकदा मी हात फिरवत म्हणालो, "आदेमार, ही जरा जास्तच नाही का झाली? गाभण राहायला जड जाईल."

त्याचा चेहरा पडला. "राहील," तो म्हणाला आणि खरारा करायला लागला. एरवी गुरांच्या कुठल्याही गोष्टीवर हा माणूस तासभर बोलला असता.

मुद्दा असा होता, की तिच्या वयाची कालवड प्रदर्शनात पैदाशीच्या वर्गात उभी करायची तर ती गाभण हवी. नुसतं रूप चालत नाही. रूपवान आणि रिकामी कालवड म्हणजे परीक्षकांच्या लेखी शोभेची बाहुली. म्हणून वेळ येताच आदेमारनं मालकांची परवानगी काढून तिला वळूकडे नेलं. मीही गेलो, मजा बघायला. तो वळू म्हणजे दोन तालुक्यांत ज्याच्या धसमुसळेपणाच्या गोष्टी चालत असला गडी. त्यानं बेआताला एकदा मागून हुंगलं, नाक वर करून जरा विचार केला, आणि चरायला निघून गेला. महिन्यानं पुन्हा नेलं. या वेळी तो उठलाही नाही.

"वळू म्हातारा झाला," आदेमार म्हणाला.

"गेल्या आठवड्यात त्यानं कुंपण मोडून शेजारच्या गाई गाठल्या."

"तेच. थकलाय."

शरद सरता सरता त्यानं जाहीर करून टाकलं की बेआता गाभण आहे. पोट बघा म्हणे. पोट होतंच. एवढा मका खाऊन मला नसतं का आलं? पण तो इतक्या खात्रीनं बोलत होता, आणि इतक्या वेळा बोलत होता, की एल्बानं मला ताकीद दिली, "तू तोंड उघडू नकोस. असेल नाहीतर नसेल. पण तुझ्या तोंडून नको." मी उघडलं नाही. मात्र दुकानातला मांस टांगायचा मोठा आकडा घासून ठेवला. धंदा तो धंदा.

वसंत आला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आदेमारनं तिला साबणानं तीनदा धुतलं, शेपटीचा गोंडा विंचरून फुलवला, खुरांना तेल लावलं. अर्जावर मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिताना त्यानं जीभ दातांत धरली होती. पहिल्यांदाच असं काही लिहीत होता बिचारा. मालकांचा एक खच्ची केलेला गोऱ्हाही लठ्ठ गुरांच्या वर्गात येणार होता, तोही आदेमारनंच पोसलेला. म्हणजे या वर्षी त्याला दोन दोऱ्या धरायच्या होत्या, त्यातली एक स्वतःची.

मैदानाच्या फाटकाशी गुरांची डॉक्टरीण उभी होती. ग्रासिएला तिचं नाव. नुकतीच शिकून आलेली, दणकट हातांची आणि कमी बोलणारी. तिनं खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि बेआताच्या मागे गेली. हात आत घातला, आभाळाकडे बघत चाचपलं. मग पुन्हा चाचपलं. आदेमार मोरकी धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी त्याला ओळखतो, तो प्रार्थना करणाऱ्यातला नाही. आता करत होता.

डॉक्टरिणीनं हात बाहेर काढला. "ही रिकामी आहे. नुसती रिकामी नाही, आत काही वाढलेलंच नाहीये. ही जुळ्यातली होती का?"

आदेमारनं मोरकी दुसऱ्या हातात घेतली.

"तिच्याबरोबर गोऱ्हा होता?"

"होता," आदेमार म्हणाला. "मेलेला निघाला. मी पुरला त्याला."

एल्बानं कपाळाला हात लावला. गाईला जुळं झालं आणि त्यात एक नर, एक मादी असली, तर ती मादी बहुतेक वांझच निघते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आदेमारला तर शेंबडा होता तेव्हापासून. मालकांना जुळ्याचं कळलं असतं तर त्यांनी ती कालवड तेव्हाच निकालात काढली असती. म्हणून हा पठ्ठ्या पावसात खड्डा खणून भाऊ पुरून आला आणि बहीण तेवढी घोंगडीत घेऊन आला. इथवर मी समजू शकतो. पण त्यानंतर दोन वर्षं?

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. "दोन वर्षं माझ्या घरात जवस शिजतोय. वळूला बदनाम केलंस. आणि तुला ठाऊक होतं."

"दहातली एखादी राहते गाभण."

"आणि ती एखादी नेमकी तुझ्या वाट्याला येणार होती?"

"का नाही?" तो म्हणाला. "माझ्या वाट्याला आजवर आलंय काय? माझं काहीतरी उरलं असेल असं वाटलं."

एल्बानं त्याच्या डगल्याची कॉलर उगाच सरळ केली.

डॉक्टरिणीला वाईट वाटलं असावं. हातमोजा काढता काढता ती म्हणाली, "पैदाशीच्या वर्गात नाही सोडता येणार. पण हिला लठ्ठ गुरांच्या वर्गात घाल ना. तिथे गाभण असण्याची अट नाही. अशी कालवड मी तरी पाहिली नाही. पहिली येईल."

येणारच होती. त्यात शंकाच नव्हती. पण लठ्ठ गुरांच्या वर्गाचा नियमही सगळ्यांना ठाऊक होता. तिथलं जनावर त्याच दुपारी लिलावात उभं करायचं आणि खाटकाला विकायचं. चॅम्पियनचं मांस ज्याच्या दुकानात लागतं तो त्यावर ती निळी फीत लावून आठवडाभर मिरवतो. माझ्या बापानं एकदा मिरवली होती. मी कधीच नाही.

"घालू नकोस," एल्बा म्हणाली. "घरी ने तिला."

आदेमारनं बेआताकडे पाहिलं, मग रिंगणाकडे, मग खांबावरच्या भोंग्याकडे. "एल्बा, मी चौपन्न वर्षांचा आहे," तो म्हणाला. "दुसरी गाय माझ्यासाठी मरणार नाही." आणि अर्जावरचा वर्ग खोडून त्यानं दुसरा लिहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दुसऱ्या कुणाला लागू देऊ नकोस. तूच घे. तू नीट करशील."

मी मान डोलावली. मला आनंद झाला होता, हे सांगायला हवं. त्याच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम होतं माणसाला.

दुपारी लठ्ठ गुरांचा वर्ग रिंगणात आला. मालकांचा गोऱ्हा त्या दिवशी इस्टेटीवरच्या दुसऱ्या गड्यानं धरला होता. आदेमार बेआताला घेऊन शेवटी आला, आणि बारच्या बाकावरची ती टवाळ मंडळी, आज कठड्याशी जमलेली, पहिल्यांदाच टोमणे विसरली. ती चालत होती की मैदान तिच्याखालून सरकत होतं, सांगता येत नव्हतं. परीक्षक पायसान्दू शहरातून आलेला, कडक इस्त्रीचा माणूस. त्यानं प्रत्येक जनावराच्या बरगड्या दाबून पाहिल्या, शेपटीचं मूळ चिमटीत धरलं. बेआताच्या पाठीवर त्याचा हात जो थांबला तो निघेना. मी समजलो. माझाही निघत नसे.

मग भोंगा खरखरला. "चॅम्पियन! मालक आणि पैदासकार, आदेमार तेचेरा. दुसरा क्रमांक, फाउस्तो इरियार्ते यांचा गोऱ्हा."

टाळ्या पडल्या. त्या मंडळीतून कुणीतरी ओरडलं, "नवरीचं तोंड गोड करा!" एल्बा रडत होती आणि रडता रडता त्या ओरडणाऱ्याच्या आईचा उद्धार करत होती. परीक्षकानं निळी फीत मोरकीला बांधली. आदेमार हलला नाही. भोंग्याकडे तोंड करून उभा राहिला, जणू ते नाव अजून तिकडून येतच होतं. इतका बावळट आणि इतका सुंदर तो कधीच दिसला नव्हता. त्याच क्षणी माझा राग गेला.

लिलाव लगेच सुरू झाला. शहरातल्या मोठ्या कत्तलखान्याचा एक माणूस बोली लावत होता, आणि मी. मी वर जात होतो, तोही जात होता. मग त्यानं खांदे उडवले आणि सिगारेट पेटवली. लिलाववाल्यानं हातोडी उचलली. बेआता कठड्यापाशी आली होती. मी पुढेच उभा होतो. तिनं मान लांब करून माझ्या खिशात तोंड घातलं आणि हुंगायला लागली. खिशात पाव नव्हता. मी मुद्दामच घेतला नव्हता. ती शोधत राहिली. मी सरळ पुढे बघत राहिलो आणि बोली कायम ठेवली. त्याबद्दल मला कुणी बोलू नये. मी माझं काम करत होतो.

"थांबा," आदेमार म्हणाला.

"काय झालं?" लिलाववाला.

"विकायची नाही."

"तेचेरा, या वर्गातलं जनावर विकावंच लागतं. नियम आहे."

"ठाऊक आहे. विकायची नाही."

"मग फीत परत द्यावी लागेल. चॅम्पियनपण जाईल."

"ठाऊक आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि फितीची गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती. कुणाला हात लावू दिला नाही त्यानं. सुटल्यावर फीत मांडीवर सरळ केली, घडी घातली आणि टोपी काढून परीक्षकाच्या हातात दिली. परीक्षक त्या घडीकडे बघत राहिला, मग मालकांच्या गोऱ्ह्याकडे निघाला. भोंग्यानं घसा साफ केला. "दुरुस्ती. चॅम्पियन, मालक आणि पैदासकार, फाउस्तो इरियार्ते."

मी कठड्यावर चढून त्याला गाठलं. "अरे मूर्खा, जन्मभर ज्यासाठी झुरलास ते हातात आलं होतं. घेतलं ना त्यांनी परत?"

"फीत घेतली," आदेमार म्हणाला. "नाव सगळ्यांनी ऐकलं. तू ऐकलंस की नाही?"

"ऐकलं."

"मग झालं तर. ते कसं परत घेतील?"

तेवढ्यात मालकांची हाक आली. विजेत्याचा फोटो काढायचा होता. मालक पोट आत ओढून, गोऱ्ह्याच्या तोंडापाशी मोरकी धरून उभे होते, शेजारी मालकीणबाई टोपी सावरत. पण गोऱ्हा मागचे पाय गोळा करून उभा. असल्या फोटोत जनावराचे पाय चौफेर टेकलेले दिसावे लागतात, नाहीतर पाठ वाकडी दिसते. ते पाय जागेवर ठेवायला एक माणूस जनावरामागे वाकून, फोटोत येणार नाही अशा बेतानं बसतो. तो माणूस दरवर्षी कोण असे हे सांगायला नको.

"आदेमार," मालक म्हणाले, "जरा बघ रे याचे पाय."

"त्यांचं त्यांना बघू दे," एल्बा म्हणाली, पुऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी.

आदेमारनं बेआताची दोरी माझ्या हातात दिली. "धर," म्हणाला. "घट्ट धर, ती मला शोधते." आणि गोऱ्ह्याच्या मागे जाऊन बसला.

मी, तोस्कासचा खाटीक, त्या कालवडीची दोरी धरून उभा. गाव माझ्याकडे बघून हसत होतं आणि हसू देत. बेआतानं एकदा माझा खिसा तपासला, मग मान वर करून हंबरली. असली हंबरली की फोटोवाला दचकला आणि त्याला सगळं पुन्हा जुळवावं लागलं. मालकीणबाईंनी पुन्हा टोपी सावरली. मालकांनी पुन्हा पोट आत ओढलं. बेआता पुन्हा हंबरली.

गोऱ्ह्याच्या मागून, खालून कुठून तरी आदेमारचा आवाज आला, "मालक, आटपा जरा. माझ्या कालवडीची आंबोणाची वेळ झालीय."

मालकांनी फोटोवाल्याला घाई करायला सांगितलं.